चौदा लाखांचं बार्सिलोना

वहिनींचा धाकटा स्पेनला निघालाय, हे मला वहिनींनी नाही, दूधवाल्यानं सांगितलं. आमच्या दोन घरांत मेंदीचं एक कुंपण. त्यांच्या फोडणीला मी खोकते, माझ्या रेडिओवर त्यांचं घड्याळ चालतं, आणि एवढी मोठी बातमी मात्र सगळ्या आळीतून फिरून शेवटी माझ्या दारात. मी म्हटलं, बघू किती दम धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच गव्हाचा चीक हाटता हाटता त्यांनी हाक मारली, "ओ बाई, जरा कुंपणाशी या की. तुमची ती भाची इस्पेनलाच असती ना?"

भाची माझी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकली आणि मग तिकडंच गेली. आळीत तिला कोणी नावानं ओळखत नाही, 'बाईंची इस्पेनवाली' म्हणतात. आजवर तिच्याबद्दल 'लग्नाचं बघता का नाय' एवढंच विचारणाऱ्या वहिनींना आज अचानक तिचा पुळका आलेला बघून मी पदर खोचला आणि कुंपणाशी गेले.

वहिनींनी चिकाचे हात परकराला पुसले, तरी कागदावर पांढरी बोटं उमटलीच. कागद कसला, चकचकीत पुस्तिका. पहिल्या पानावर समुद्र, दुसऱ्या पानावर गॉगल लावून हसणारी गोरी-सावळी पोरं, तिसऱ्या पानावर पैसे. इंटरनॅशनल बिझनेस मॅनेजमेंटची मास्टर डिग्री, बार्सिलोना, नऊ महिने, चौदा लाख. राहणं-खाणं वेगळं.

"पुण्याच्या एका साहेबानं दिलंय," वहिनी म्हणाल्या. "म्हणाला, युरोपची डिग्री हाय, जगात कुठंबी चालती. फक्त पहिला हप्ता ह्याच महिन्यात भरायचा."

आता पोरगा काय शिकलाय, तर बी.एस्सी. ॲग्री. चार वर्षं माती, पाणी, मावा, तुडतुडे, करपा. बापाचा टोमॅटोचा प्लॉट, चुलत्याची द्राक्षबाग, नारायणगावचं मार्केट तासाच्या आत. आणि हा शिकायला जाणार काय, तर बिझनेस मॅनेजमेंट, तेही समुद्रकाठी. मी तोंडानं काही बोलले नाही, पण मला खरं कारण ठाऊक आहे. २०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला, तेव्हा हा तिसरी-चौथीत असेल. त्यातला टोमॅटोंची लढाई खेळण्याचा भाग यानं माझ्या टीव्हीवर इतक्यांदा पाहिलाय की मलाही तोंडपाठ झाला.

तेवढ्यात ओट्यावरून आजींनी, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंनी विचारलं, "कसली लढाई गं?"

मी सांगितलं. वलेन्सियाजवळ बुन्योल नावाचं एक लहानसं गाव आहे. ऑगस्टमधल्या शेवटच्या बुधवारी तिथं हजारो माणसं रस्त्यावर येतात आणि तासभर एकमेकांना टोमॅटो मारतात. १९४५ मध्ये पोरांच्या भांडणातून सुरू झालं म्हणे. गर्दी फार व्हायला लागली, म्हणून २०१३ पासून तिकीट लावलंय.

"म्हंजी पैसं देऊन फेकत्यात?" आजी म्हणाल्या. "आमच्यात तर फुकट फेकावं लागतं, वर गाडीभाडं."

यावर काय बोलणार? २०२३ सालच्याच दोन गोष्टी घ्या. मे महिन्यात भाव पडला तेव्हा टोमॅटो ओढ्यात गेला, आणि दोन महिन्यांनी तोच आमच्या जुन्नरचा टोमॅटो इतका चढला की शेतकऱ्यांचे फोटो पेपरात आले. ज्यांनी मे महिन्यात प्लॉट मोडला, त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत.

असो. भाचीला लगेच फोन लावता येईना. इथं सकाळचे नऊ म्हणजे तिथं पहाटेचे साडेचार. दुपारी जेवणं झाल्यावर लावला. तोवर कुंपणापाशी धाकटा स्वतः येऊन उभा होता, आजींची खुर्चीही आणून ठेवलेली, आणि पलीकडच्या गल्लीतल्या दोघी 'सहज' आल्या होत्या. वहिनींनी कुरडयांच्या ताटांवर साड्या पांघरल्या आणि फोनमध्ये डोकं घातलं.

भाचीनं फी विचारली नाही, समुद्र विचारला नाही. म्हणाली, "आत्या, त्या कागदावर अगदी खाली बारीक अक्षरात स्पॅनिश नाव असेल कोर्सचं. ते वाच." मी चष्मा चढवला. होतं. मास्तेर दे फॉर्मासिओन पेर्मानेन्ते.

ती म्हणाली, "मग थांबा."

आता ही गोष्ट नीट ऐका, कारण ती पुण्याचे साहेब सांगत नाहीत. स्पेनमध्ये मास्टर डिग्रीच्या दोन जाती. एक सरकारमान्य, तिच्या नावात 'मास्तेर उनिवेर्सितारिओ' असं असतं. तो अभ्यासक्रम सरकारी तपासणीतून गेलेला असतो, केंद्राच्या नोंदवहीत त्याची नोंद असते, आणि ती नोंदवही कोणालाही घरबसल्या बघता येते. दुसरी जात म्हणजे विद्यापीठानं स्वतःच्या अखत्यारीत दिलेली पदवी. पूर्वी तिला 'तीतुलो प्रोपिओ' म्हणत, २०२१ च्या नव्या नियमांनंतर हे फॉर्मासिओन पेर्मानेन्ते. ती खोटी नसते. काही ठिकाणी चांगलंही शिकवतात, नोकरी देणारे घेतातही. पण तिच्यावर तिथं पीएच.डी.ला दार उघडत नाही, आणि 'जगात कुठंबी चालती' हे तर मुळीच खरं नाही.

"मग साहेब खोटं बोलला?" वहिनी.

"खोटं नाही, मामी. अर्धंच बोलला," तिकडून भाची. माझ्याकडून शिकली आहे, सांभाळून बोलते.

धाकट्यानं विचारलं, "पण बिझनेससाठी स्पेन नावाजलेलं आहे ना?" आहे की. बार्सिलोनात इएसे आणि एसादे, दोन्ही १९५८ च्या, माद्रिदला आयई, १९७३ ची. जगातल्या नावाजलेल्या संस्था. पण इएसेची एमबीए घ्यायची तर फीच लाखभर युरोच्या घरात, आणि आधी काही वर्षं नोकरी केलेली माणसं लागतात त्यांना. पुस्तिकेतल्या समुद्राचा आणि त्यांचा संबंध एवढाच की शहर एक.

"मग ॲग्रीचं काय मिळतं तिकडं?" हे मी विचारलं. पोरगा विचारणार नाही हे मला दिसत होतं. शेतातून सुटायला निघालेल्याला पुन्हा शेतच दाखवलं की तोंड उतरतंच. त्याचंही उतरलं, पण भाची बोलत गेली तसा तो कुंपणावर पुढं पुढं झुकायला लागला. मेंदीच्या दोन फांद्या मोडल्या त्यानं.

दक्षिणेला आल्मेरिया नावाचा जिल्हा आहे. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं नाणेघाटात जुलैत दोन दिवसांत पडतो तेवढा. आणि त्या कोरड्या जमिनीवर तीस हजार हेक्टरांहून जास्त प्लॅस्टिकची घरं, एकाला एक लागून. अवकाशातून पांढरा डाग दिसतो. आत टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, ठिबकवर. खाली शेणखत, त्यावर वाळूचा थर, म्हणजे ओल उडत नाही. भर थंडीत जर्मनी-इंग्लंडच्या दुकानातली भाजी तिथून जाते. आणि आल्मेरियाच्याच सरकारी विद्यापीठात ग्रीनहाउसमधल्या भाजीपाल्याची मास्टर डिग्री आहे. मास्तेर उनिवेर्सितारिओ बरं का. फक्त तिथं स्पॅनिश आल्याशिवाय भागत नाही.

"आणि मजूर?" बापानं विचारलं. बाप कधी येऊन मागं उभा राहिला, कळलंच नाही आम्हाला. "एवढं तोडायला माणसं कुठनं आणत्यात?"

मोरोक्कोतून, आफ्रिकेतून. प्लॅस्टिकच्या कडेला खोपट्यांत राहतात त्यातले कितीतरी. भाची तिथं एकदा जाऊन आली आहे, ती म्हणाली की विद्यापीठाच्या पुस्तिकेत तो फोटो नसतो. बाप मान हलवत गप्प झाला. ऊसतोडीची बैलगाडी डोळ्यांसमोर आली असणार त्याच्या.

इंग्रजीतून हवं असेल तर वलेन्सियाचं पॉलिटेक्निक विद्यापीठ. ते पिकांच्या आरोग्याची एक डिग्री चालवतं, इरास्मुस मुंदुस नावाच्या युरोपीय योजनेखाली, इतर देशांतल्या विद्यापीठांना बरोबर घेऊन. एक वर्ष एका देशात, पुढचं दुसऱ्या. शिष्यवृत्तीला निवड झाली तर फी नाही, वर महिना चौदाशे युरो. या योजनेच्या शिष्यवृत्त्या मिळवणाऱ्यांत भारतातली पोरं नेहमीच वरच्या नंबरात असतात. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, भरायला पैसे पडत नाहीत, आणि मध्ये कोणी साहेब लागत नाही.

"चौदाशे युरो ते देणार? आपल्याला?" वहिनींनी दोनदा विचारलं. मग नवऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यात चौदा लाखांचा पहिला हप्ता कोणाच्या सोन्यावर उभा राहणार होता ते सगळं होतं.

द्राक्षांचंही निघालं, नाही निघालं तर ते जुन्नर कसलं? स्पेनमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता घड्याळाच्या बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खायची रीत आहे. ठोक्याला एक. अलिकांते जिल्ह्यात त्यासाठी खास द्राक्षं पिकवतात आणि घडाला झाडावरच कागदी पिशवी घालतात, उशिरापर्यंत टिकावा म्हणून. आपल्याकडंही घडांना कागद बांधतातच, फक्त आपला कागद कालच्या पेपरचा. बापामागून आलेले चुलते म्हणाले, "बारा ठोक्यांत बारा? बिया असल्या तर मरंल की माणूस." बिया काढून, सोलून डबाबंद मिळतात, हे ऐकल्यावर ते जे हसायला लागले ते थांबेचनात.

तर द्राक्षाचं शिक्षण लोग्रोन्योला. ला रिओखा हा वाइनचा मुलूख, तिथलं विद्यापीठ तसं नवं, १९९२ चं, पण वाइन करण्याचं शास्त्र रीतसर पदवीला शिकवतं. तारागोनाच्या विद्यापीठाची तर वाइन आणि पर्यटन मिळून एक डिग्री आहे, बोर्दो आणि पोर्तो यांच्याबरोबर, तीही इरास्मुस मुंदुसच. आता मला सांगा, जुन्नर तालुक्याला २०१८ साली सरकारनं विशेष पर्यटनाचा दर्जा दिला, फेब्रुवारीत द्राक्ष महोत्सव भरतो, नारायणगावात ऐंशीच्या दशकात फ्रेंचांच्या मदतीनं फसफसती वाइन तयार होत होती, तेव्हा नाशिकचं नावही कोणी घेत नव्हतं. हे शिकून येणारं पोरगं इथलं नाही तर कुठलं असावं? पण आमच्याकडं वाइन म्हटलं की आजी पदर तोंडाला लावतात. लावलाच.

मग पलीकडच्या गल्लीतलीनं हळूच विचारलं, "आमची फिजिक्सवाली हाय, तिला काय?" तिची पोरगी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडं जाऊन आली की आठवडाभर जमिनीवर नसते. पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या शेतांच्या मध्ये उभ्या असतात तिथं, आणि त्यांच्यामुळं आसपास मोठा कारखाना होत नाही म्हणून गावची निम्मी तरणी पोरं कुरकुरतात. भाची म्हणाली, "तिला कॅनरी बेटांवर बघू दे. ला लागुना विद्यापीठात खगोलभौतिकीची मास्टर डिग्री आहे, आणि शेजारच्या ला पाल्मा बेटावर डोंगरमाथ्यावर १०.४ मीटर आरशाची दुर्बीण आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणींपैकी एक." खोडद रेडिओलहरी ऐकतं, ला पाल्मा प्रकाश बघतं. ती बाई काही न बोलता तडक घरी गेली. पोरीला सांगायलाच असणार.

वहिनींच्या मुलीचंही मग निघणारच. बारावीला आहे. "हिला आत्ताच पाठवली तर?" तर अवघड, असं भाची म्हणाली. बारावीची तिथल्या शाळेशी समकक्षता काढावी लागते, त्यासाठी कागद दिल्ली-माद्रिद हिंडतात, मग १९७२ पासून चालणाऱ्या त्यांच्या मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षा. पदवी चार वर्षांची, २४० क्रेडिटची, शिकवणं बहुतेक स्पॅनिशमधून. आणि बार्सिलोनाला गेली तर कातालानमधून! ही गंमत खूप जणांना तिथं पोचल्यावर कळते. वर्षभर क्लास लावून स्पॅनिश घटवायची, आणि वर्गात प्राध्यापक भलतंच काही बोलतोय.

पदवीनंतर मात्र सोपं. आपली तीन वर्षांची पदवीसुद्धा चालते. इथं ती एम.ए., एम.एस्सी.ला चालते ना, मग तिथंही विद्यापीठ प्रवेश देऊ शकतं. कागदांवर अपोस्टिलचा शिक्का, शपथेवर काम करणाऱ्या अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर, एवढं करायचं. आणि नुसती चव घ्यायची असेल तर एका सत्राचं शिक्षणही असतं. अमेरिकेतली पोरं तशीच येतात, ढिगानं. माझी भाची पहिल्यांदा सालामांकाला गेली ती अशीच. परदेशी मुलांसाठीचे भाषेचे वर्ग, जोडीला साहित्य, कलेचा इतिहास, मुसलमानी राजवटीतलं स्पेन. माद्रिदला असाल तर चित्रकलेचा तास वर्गात न होता प्रादो संग्रहालयात होतो.

सालामांका म्हणजे १२१८ सालचं विद्यापीठ. आपल्याकडं ज्ञानेश्वरी लिहून व्हायला अजून सत्तर-पाऊणशे वर्षं होती तेव्हाचं. त्याच्या दाराच्या कोरीवकामात एका कवटीवर बेडूक बसवलेला आहे. जो विद्यार्थी कोणी न दाखवता तो बेडूक शोधील तो परीक्षेत पास. आजी म्हणाल्या, "आपल्याकडं ओझरच्या गणपतीला नारळ फोडत्यात, तसंच की." तसंच. फक्त नारळ परीक्षेआधी आणि पेढे निकालानंतर असा दुहेरी खर्च तिथं नाही.

एक टोचणारी गोष्टही सांगते. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या ७५ मुलांना. फी, निर्वाह, विमानभाडं, सगळं. पण विद्यापीठ जगाच्या यादीत पहिल्या दोनशेंत हवं. बार्सिलोना त्यात बसतं, माद्रिदचं कॉम्प्लुतेन्से बसतं. आठशे वर्षांचं सालामांका बसत नाही. आल्मेरिया तर लांबच. टोमॅटो शिकायचा तर टोमॅटोच्या गावी जावं, का यादीतल्या गावी? यादी करणाऱ्यानं आयुष्यात कधी रोप लावलं नसणार.

बापाला आकडे हवे होते. व्हिसाला दाखवायचे पैसे महिना सहाशे युरो, म्हणजे वर्षाचे सातेक लाख रुपये. सरकारी विद्यापीठाची फी प्रांताप्रमाणे बदलते. आंदालुसियात कमी, कातालोनिया-माद्रिदमध्ये युरोपबाहेरच्यांना जास्त. शिकताना आठवड्याला तीस तास काम करायची मुभा आहे. "तीस तास काम केलं तर अभ्यास कवा?" बाप. "इथं करतो का?" वहिनी. पोरगा फोनकडंच बघत होता.

गुण दहापैकी, पासाला पाच. पस्तीसवर सुटायची सोय नाही हे ऐकून पुन्हा जरा शांतता झाली.

आकड्यांच्या बोलण्यात आजी गप्प होत्या. त्यांचं माहेर येवल्याकडचं. एकदम म्हणाल्या, "मनमाडला होता की इस्पेनचा फादर. फेरर. माझ्या बापाच्या हिरीला त्यानं पैसं दिलं हुतं."

मला वाटलं, काहीतरी घोटाळा करतात. पण खरंच, विसेंते फेरर. बार्सिलोनात जन्मलेला जेझुइट, १९५२ मध्ये भारतात आला, मनमाडच्या दुष्काळी पट्ट्यात विहिरी खोदायला उसने पैसे, बियाणं, तेल-गहू देत हिंडला. फेडलं तर फेडलं, त्यातून पुढच्याची विहीर. शेतकरी त्याच्यामागं इतके गेले की वरच्यांच्या डोळ्यांत आलं, १९६८ मध्ये त्याला देश सोडायला सांगितलं, तेव्हा हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईला चालत निघाले होते. आजींचा बाप त्यात होता. पाय सुजवून परत आला, एवढं त्यांना आठवतं. फादर पुढच्या वर्षी परतला, पण महाराष्ट्रात नाही, आंध्रात अनंतपूरला. तिथंच २००९ मध्ये गेला.

"तो तिकडनं इकडं पाणी काढायला आला," आजी नातवाला म्हणाल्या, "आन् तू इकडनं तिकडं दुकानदारी शिकायला चाललास?"

पोरगा लाल झाला. पण पुस्तिका घेऊन घरात गेला नाही, ती वहिनींच्या हातात तशीच राहिली. संध्याकाळी मी तुळशीला पाणी घालताना तो कुंपणाशी आला आणि भाचीचा नंबर मागितला. म्हणाला, "काकू, ते वलेन्सियाचं ऑक्टोबरला उघडतंय ना? तोवर रानडेत स्पॅनिशची पहिली परीक्षा होते का बघतो." पहिला हप्ता भरायची तारीख अजून चार दिवसांवर होती. साहेबाचे फोन चालूच होते, त्यानं दोन हजार सूटही देऊ केली. चौदा लाखांवर दोन हजार!

बाप मात्र रात्री जेवल्यावर हात पुसत आला, त्याला झोप येत नसावी. "बाई, एक विचारायचं राहिलं. त्या आल्मेरियात टोमॅटोला भाव काय मिळतो?"

मी भाचीला मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं, की भाव परवडत नाही, मोरोक्कोचा माल स्वस्तात येतो म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर बसले होते.

वाचून दाखवलं. बाप जोरात हसला, घरातल्या दिव्याकडं तोंड करून ओरडला, "ऐकलंस का गं? तिकडंबी तेच हाय!"

आतून वहिनींचा आवाज आला, "मग त्याला तिकडची भाषा शिकायला किती पडतंय तेवढं इचारा की!"